बापादेखत

"विडी, चिलीम, सिगारेट यातलं काही ओढता का?" शमुवेलनं विचारलं आणि पेन्सिल कागदावर टेकवली.

"छ्या!" सहादेव म्हणाला. "आपल्याला न्हाई बा तसला नाद."

सहादेव बावन्न वर्षांचा. घरात दोन सुना, चार नातवंडं, कालव्याकाठी सहा एकर ऊस. त्याच्या बंडीच्या खिशात विड्यांचं बंडल फुगून बसलं होतं, धोतरावर ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं होती आणि मिशीचा मधला भाग धुरानं पिवळा पडला होता. पण शेजारच्या बाजेवर त्याचा बाप पुंजारामबाबा चिलीम भरत बसला होता. वय सत्याहत्तर, नजर अधू, कान मात्र ठणठणीत.

"तमाखू खाता?"

"तीबी न्हाई."

"लिव्ह, लिव्ह," पुंजारामबाबा कौतुकानं म्हणाला. "आमच्या सादेवला सुपारीच्या खांडाचं येसन न्हाई. या घरात बिघडल्याला म्या एकलाच."

शमुवेलनं बाबाच्या नावापुढं 'होय' लिहिलं, सहादेवच्या नावापुढं 'नाही' लिहिलं आणि राम राम करून सायकल काढली. गल्लीच्या कोपऱ्यावर वळतोय तोच मागून धापा टाकत हाक आली.

"ए शमुवेल, थांब की! काडीपेटी हाय का? माझी सादाळली."

काडीपेटी होती. सहादेवनं विडी पेटवली, दुसरी शमुवेलला दिली आणि दोघं भिंतीच्या सावलीला उकिडवे बसले. दोन झुरके गेल्यावर शमुवेल म्हणाला, "सादेवदादा, मग मघाशी न्हाई का म्हणलास?"

"बापादेखत व्हय म्हनू?"

"बावन्न वर्षांचा झालास की. काय मारतोय का आता?"

"मारलं तर बरं की रं," सहादेव म्हणाला. "पर त्यो मारायचा न्हाई, बोलायचाबी न्हाई. नुस्ता बघंल."

शमुवेलनं विडीची राख झटकली. बापाचं नुसतं बघणं म्हणजे काय असतं, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

ही गोष्ट एकाहत्तरच्या हिवाळ्यातली. शमुवेल तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता आणि पंधरा वर्षं हिवताप खात्यात कामाला होता. खाकी कपडे, सायकल, कॅरियरला कागदांची पिशवी. बेलापूर पंचक्रोशीतलं एक घर असं नव्हतं, की ज्याच्या भिंतीवर त्यानं गेरूनं नंबर घातला नव्हता. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, तापाच्या गोळ्या द्यायच्या, पुढचं घर. पोरं त्याला पाहून पळायची आणि म्हातारे त्याला पाहून बसा म्हणायचे.

त्या वर्षी नगरच्या ऑफिसात पुण्याहून एक तरुण डॉक्टरसाहेब आले. त्यांच्या डोक्यात निराळंच होतं. जिल्ह्यात वयात आलेली किती माणसं धूर ओढतात, कोणत्या भागात जास्त, कोणत्या भागात कमी, पूर्वीपेक्षा वाढलंय की घटलंय, हे सगळं त्यांना आकड्यांत हवं होतं. त्यासाठी सायक्लोस्टाइलचे कागद निघाले. दोन गावं निवडली, डोंगरातलं राजूर एक आणि कालव्याखालचं बेलापूर दुसरं. दर दहावं घर धरायचं, घरी जाऊन माणसासमोर बसून विचारायचं आणि माणूस सांगेल तेच लिहायचं. शमुवेलची जीभ गोड आणि अक्षर चांगलं, म्हणून काम त्याच्या गळ्यात पडलं.

राजुरात तो महिनाभर राहिला. तिथं काही त्रासच पडला नाही. एका वाडीत राहीबाई नावाची म्हातारी होती, सुरकुत्यांनी गच्च भरलेली. यानं प्रश्न पुरता विचारायच्या आत तिनं कमरेची चंची सोडली, पानाची विडी वळली, चुलीजवळ बसलेल्या कर्त्या पोराच्या तोंडातल्या विडीला ती लावून पेटवून घेतली आणि मग स्वतः एक झुरका मारला.

"म्हतारे, पोरादेखत ओढतेस?" शमुवेलनं चाट पडून विचारलं.

"आन् काय कुडामागं जाऊन वढू?" ती म्हणाली. "तमाखू त्योच आनितो बाजारातून. जो आनितो त्याच्यापून काय लपवायचं? तू वढतोस का न्हाय?"

"ओढतो की."

"मंग तुझा बाप?"

"ते न्हाई ओढत. आन् त्यांना ठाऊकबी न्हाई, की मी ओढतो म्हणून."

राहीबाई पोटभर हसली. एवढा मिशीवाला गडी, आणि बापाला ठाऊक नाही! तिनं ते शेजारणीला हाक मारून सांगितलं. शेजारीणही हसली. शमुवेलनंही हसून घेतलं, पण डोंगर उतरताना त्याच्या मनात ते कुसळासारखं टोचत राहिलं.

त्याचा बाप म्हणजे शांतवन मास्तर. बेलापुरातल्या ख्रिस्ती वस्तीतल्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं पोरं घडवली. अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन शहाणं झालेलं. आता एक्याऐंशी वर्षांचे, दाराशी बाजेवर बसून असत, पण दाढी रोज आणि टोपी पांढरी. शमुवेल सोळा वर्षांचा असताना त्याच्या सदऱ्याच्या खिशात त्यांना अर्धी विडी सापडली होती. मास्तरांनी छडी उचलली नाही. विडी हातात धरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या संध्याकाळी जेवले नाहीत. निजायच्या आधी एवढंच म्हणाले, "शमू, हे पुन्हा माझ्या नजरेला येता कामा नये."

शमुवेलनं ती आज्ञा तीस वर्षं तंतोतंत पाळली. मास्तरांच्या नजरेला काही येऊ दिलं नाही. घरामागं चिंचेचं जुनं झाड होतं, त्याच्या बुंध्याआड जाऊन तो विडी ओढायचा. मग रांजणातल्या पाण्यानं चूळ, वर कडुनिंबाचा पाला, त्यावर बडीशेप. लग्न झालं, लेक सासरी गेली, मिशीत पांढरं आलं, तरी चिंच सुटली नाही. बायको कृपा सुरुवातीला हसायची, पुढं तिनं हसणंही सोडून दिलं. जेवण झालं की ती आपण होऊन बडीशेपेची डबी पुढं सरकवायची.

बेलापूरच्या यादीत दर दहावं घर धरत जाता जाता एकशेचाळीस नंबर आला. हा नंबर शमुवेलनं स्वतःच्या हातानं स्वतःच्याच भिंतीवर घातला होता. कागद भरायला तो ओट्यावर बसला. समोर बाजेवर मास्तर. त्यांची एक सवय होती. मुलानं आणलेले खात्याचे कागद ते रोज संध्याकाळी चष्मा लावून तपासायचे, अक्षर बघायचे, बेरजा पुन्हा करायचे. शमुवेलनं बापाच्या नावापुढं 'नाही' लिहिलं. कृपाच्या नावापुढं मिश्री लिहिली. मग स्वतःचं नाव आलं. पेन्सिल थांबली. मास्तर खाकरले. त्यानं पटकन 'नाही' लिहून टाकलं आणि कागद उलटा केला.

संध्याकाळी मास्तरांनी गठ्ठा तपासला. तो कागद आला तेव्हा जरा जास्त वेळ लागला, असं शमुवेलला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "अक्षर घाईत काढलंस."

महिन्याच्या शेवटी नगरला गठ्ठे गेले. डॉक्टरसाहेबांनी बेरजा मांडल्या आणि खूश झाले. राजुरात शंभरात बासष्ट माणसं ओढणारी. बेलापुरात शंभरात चौदा.

"बघा शमुवेल," ते म्हणाले, "पाणी आलं, कारखाने आले, शाळा आल्या, की माणूस आपोआप सुधारतो. आता छाती तपासायची एक्स-रेची गाडी मिळणार आहे, ती डोंगरातच पाठवू. बेलापूरला गरज नाही."

शमुवेलच्या डोळ्यांपुढं सहादेव उभा राहिला. भिंतीच्या सावलीत दोन झुरके मारून पाच मिनिटं खोकणारा. बेलापूरच्या बाजारपेठेत आठवड्याला विड्यांची किती खोकी उतरतात ते त्याला ठाऊक होतं. चौदा माणसं एवढ्या विड्या ओढायला लागली, तर त्यांना झोपायलाही सवड मिळायची नाही.

"साहेब," तो चाचरत म्हणाला, "बेलापूरचा आकडा खरा न्हाई. तिकडं बाप घरात असला, की पोरगा न्हाई म्हणतो. पोरगा पन्नाशीचा असला तरी."

"आणि तुम्ही तसंच लिहिलं?"

"माणूस सांगेल तेच लिहायचं, असा नियम हाय साहेब."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बरं. कोणत्या घराचा कागद खोटा आहे, सांगा."

आली का पंचाईत! ज्याची विडी ओढली त्याचं नाव कोणत्या तोंडानं सांगणार? शमुवेलनं जमिनीकडं बघितलं आणि म्हणाला, "एकाच घराचं खात्रीनं सांगतो. एकशेचाळीस नंबर. ते माझं हाय. द्या, आत्ता खोडतो."

साहेब हसले, पण कागद काही त्यांनी दिला नाही. "असं ऑफिसात बसून खोडता येत नाही. घरी जाऊन, माणसासमोर बसून विचारायचं. मी स्वतः येतो गुरुवारी. तुमच्या घरापासूनच फेरतपासणी सुरू करू."

त्या चार दिवसांत शमुवेलला अन्न गोड लागेना. गुरुवारी साहेब विचारणार, बाप समोर असणार. खरं बोललं, तर तीस वर्षं जपलेली मर्यादा चव्हाट्यावर येणार, आणि एक्याऐंशीव्या वर्षी बापाला कळणार की आपला पोरगा रोज आपल्याला फसवत आला. खोटं बोललं, तर साहेबांपुढं आपण खोटे, आणि गाडी जायची डोंगरात.

"सांगून टाका की एकदाचं," कृपा म्हणाली. "खून का केलाय कुणाचा?"

"तुला न्हाई कळायचं. त्यांनी सोळाव्या वर्षी जेवण सोडलं होतं. आता सोडलं तर?"

त्यानं एक युक्ती काढून पाहिली. श्रीरामपूरला बहीण होती, तिच्याकडं दोन दिवस बाबांना पाठवावं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा साहेब पहिल्यांदा घरी येणार, आणि मी गावाला जाऊ? लोक काय म्हणतील? माझा कोट काढून ठेव."

गुरुवारी सकाळी जीप आली. मास्तर कोट-टोपी घालून बाजेवर ताठ बसले होते. साहेबांना खुर्ची दिली. कृपानं चहा आणला. विचारपूस झाली. मास्तरांच्या हाताखालून गेलेला एक जण पुण्यात साहेबांचा शेजारी निघाला, त्याचीही चौकशी झाली. मग साहेबांनी कागद मांडीवर घेतला.

"शमुवेल, बसा समोर. रीतसर विचारतो. विडी, चिलीम, सिगारेट, काही ओढता?"

शमुवेलनं चार दिवस उत्तर घोकलं होतं. एकच तर शब्द होता. पण मान वर केली आणि साहेबांच्या खांद्यामागं त्याला बाप दिसला. टोपी पांढरीशुभ्र, दोन्ही हात काठीवर, आणि ते नुसतं बघणं. सेहेचाळीस वर्षांचा तो माणूस पुन्हा सोळा वर्षांचा पोर झाला.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरसाहेब गोंधळले. त्यांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. कृपानं पदर तोंडाला लावला.

"खोडा ते, साहेब," मास्तर बाजेवरून म्हणाले.

मास्तरांनी काठी एकदा जमिनीवर आपटली. वर्गात पोरांचं लक्ष वेधायला ते अशीच छडी टेबलावर आपटायचे.

"ओढतो तो. दिवसाला सात. नातेवाईक आले म्हणजे नऊ. तोंडानं बोलला ते त्याचं-माझं. पण सरकारी कागदावर खोटं राहायला नको. त्या दिवशी तपासताना माझ्या ध्यानात आलं होतं, पण खोडायचा धीर मलाही झाला नाही. तेवढी चूक माझी."

"सात हे तुम्हाला कसं ठाऊक?" साहेबांनी हळूच विचारलं.

"थोटकं मी उचलतो ना. रोज पहाटे, प्रार्थनेच्या आधी चिंचेखाली झाडून घेतो. शाळेची पोरं त्या वाटेनं जातात. मास्तरांच्या घरामागं थोटकं दिसलेली बरी नाहीत." ते जरा थांबले. "मी आजारी असलो, की वाढतात. मागच्या आषाढात मला न्यूमोनिया झाला, तीन दिवस उठलो नाही. चौथ्या दिवशी भिंत धरत गेलो, तर पस्तीस होती."

शमुवेल मान खाली घालून बसला होता. तीस वर्षं तो बापाला फसवत होता, आणि तीस वर्षं बाप त्याच्यामागं वाकून वाकून झाडत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी आपल्यावर कुणी एवढी माया केली आहे या जाणिवेनं त्याचा ऊर भरून आला. डोळ्यांतलं पाणी टिपायलाही हात उचलेना. कृपानं रिकामी कपबशी त्याच्या हातात दिली आणि त्याला आत घालवलं.

साहेबांनी 'नाही' खोडून 'होय' लिहिलं, आकड्याच्या जागी सात मांडले. त्या दिवसापासून नियम बदलला. म्हाताऱ्यांना घरी विचारायचं आणि त्यांच्या लेकांना रानात, न्हाव्याकडं, गुऱ्हाळावर. सहादेवनं उसाच्या बांधावर बसून स्वतःच्या नावापुढं दिवसाला वीस लिहायला लावल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा बेरीज झाली. राजुरात बासष्ट आणि बेलापुरात अठ्ठावन्न. छातीची गाडी दोन्हीकडं आली. ऑफिसात साहेब सगळ्यांना सांगायचे, की या दोन गावांत ओढण्यात फारसा फरक नाही, कबूल करण्यात आहे. बेलापूरच्या म्हाताऱ्यांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. पुंजारामबाबा शेवटपर्यंत सांगत राहिला, की सादेवला सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. त्यालाही खरं ठाऊक असेल का? असेलही. कोण कुणाच्या चिंचेखाली झाडत होतं, हे त्या काळी बाहेर यायचं नाही.

साहेब गेले त्या दिवशी संध्याकाळी जेवणं झाली. कृपानं सवयीनं बडीशेपेची डबी पुढं सरकवली. शमुवेल उठायला लागला, तशी मास्तरांनी हाक मारली.

"शमू, मागं गारठा असतो. आता इथंच बसून ओढ."

शमुवेल ओट्यावर बसला. बंडल काढलं. एक विडी ओठांत धरली. काडी काढून पेटीवर टेकवली आणि तसाच बसून राहिला. काडी काही त्याच्यानं ओढवेना.

"न्हाई जमत, बाबा," तो अखेर म्हणाला.

मास्तर हसले. त्यांना असं हसताना शमुवेलनं फार वर्षांनी पाहिलं. "जा मग," ते म्हणाले, "पण काडी नीट विझवत जा. मागच्या उन्हाळ्यात पाचोळा पेटता पेटता वाचला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखालची जागा नेहमीसारखी लख्ख होती. त्याबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. शमुवेलनं मात्र सातावरून पाचावर यायचा प्रयत्न केला. कुणीतरी मोजतंय म्हटल्यावर माणूस जरा जपतोच.

बहात्तर साल कोरडं गेलं. कालवा आटला, ऊस वाळला, शमुवेलची ड्यूटी दुष्काळी कामावरच्या मजुरांना गोळ्या वाटायला लागली. दिवसभर धुळीत हिंडून तो घरी यायचा, तेव्हा मास्तर बाजेवर बसलेलेच असायचे. नाताळाच्या आधी आठ दिवस ते तसेच बसल्या बसल्या गेले. आजारपण नाही, हाक नाही. बघायला अर्धं गाव लोटलं. म्हातारे विद्यार्थी एकमेकांना त्यांच्या छडीच्या गोष्टी सांगत डोळे पुसत होते.

माती देऊन आल्यावर संध्याकाळी माणसं पांगली. सहादेव तेवढा थांबला. दोघं ओट्यावर बसले. समोर रिकामी बाज होती, तिच्यावर काठी. सहादेवनं बंडल काढलं, एक विडी शमुवेलपुढं केली.

"घे. वढ हितंच. आता कोन बघनार हाय तुला?"

शमुवेलनं विडी घेतली, बंडलही घेतलं. काडीपेटीही घेतली. थोडा वेळ बाजेकडं पाहिलं, मग उठला आणि घराला वळसा घालून चिंचेमागं गेला. अंधार पडेपर्यंत तो तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी त्याला पहाटेच जाग आली. चूळ भरायला तो मागं गेला. चिंचेच्या खोडाला खराटा टेकवलेला होता, एका अंगानं झिजलेला. खाली पाचोळा पडला होता आणि त्या पाचोळ्यात कालची थोटकं जिथल्या तिथं पडलेली होती.

शमुवेलनं ती मोजली. अकरा होती. मग तो वाकला, एकेक उचलून मुठीत घेतली आणि खराटा हातात घेऊन झाडायला लागला. शाळेची पोरं यायच्या आत जागा लख्ख व्हायला हवी होती.